डाव्या हाताचा ठेका

धाकटीचे केस पांढरे झाले होते, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, तरी सगळी मंडळी तिला धाकटीच म्हणायची. दादाची धाकटी बहीण म्हणून लहानपणी जे नाव पडलं ते चिकटलं ते चिकटलंच. पाळकांनी तर तिच्या लग्नाच्या नोंदीतसुद्धा आधी तेच लिहिलं होतं आणि मग जीभ चावून खोडलं होतं.

तिचं काम शवपेट्यांना आतून अस्तर लावायचं. दादा सुतार; पेट्या तो करायचा. दोघांची दुकानं एकाला एक लागून, मधे फक्त एक विटांची भिंत. दादा फळ्या रंधून, पेटी जोडून तिच्याकडे सरकवायचा. ती पांढरं कापड आतून ताणून बारीक खिळ्यांनी बसवायची, कडेनं झालर लावायची आणि डोक्याखालची उशी भरायची. उशीत कापूस नसायचा. त्याच पेटीच्या फळ्या रंधताना निघालेली लाकडाची पातळ, गुंडाळलेली सालपटं असायची. "दुसऱ्या झाडाची घालू नकोस," दादा बजावायचा. "डोकं टेकल्यावर माणसाला एकच वास यावा." मेलेल्याला कसला आलाय वास, असं वहिनी विचारायची. "तू पुढं जा आणि मला कळव," दादा म्हणायचा, आणि वहिनी हातातलं फडकं त्याच्या अंगावर भिरकावायची.

हे आठवड्याचं झालं. रविवारी धाकटीची जागा निराळी. त्यांचे पाळक उपदेश बोलत नसत, गात. एक ओळ सोडायचे, तिचा शेवट हवेत तसाच टांगून ठेवायचे, आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागं उभी असलेली धाकटी तो शेवट झेलायची, दोनदा घोळवायची आणि मंडळीच्या हवाली करायची. झील धरायची. झील आल्याशिवाय पाळक पुढची ओळ घेत नसत. तीस वर्षं ती त्या खांद्यामागं उभी होती आणि तीस वर्षांत त्या जागी तिचं तोंड आपण होऊन कधी उघडलं नव्हतं. पाळकांची ओळ आधी, मग तिचा आवाज. एखाद्या रविवारी पाळक असं काही गात की दगडालाही पाझर फुटावा. तेव्हा धाकटीला वाटायचं, प्रभू या चार भिंतींत येऊन बसलाय आणि आपण त्याच्या इतक्या जवळ उभ्या आहोत की हात लांबवला तर पायाला लागेल.

नव्या ओळींचा कागद पाळकांकडून बुधवारी यायचा. गुरुवारी दुपारी अस्तर शिवता शिवता ती त्या घोटायची आणि भिंतीपलीकडून दादा हातोडीच्या दांड्यानं ठेका धरायचा. गळा म्हणाल तर दादाचा न बोललेला बरा, पण ठेका असा पक्का की घड्याळानं त्याच्याकडं बघून चालावं.

सहा वर्षांपूर्वी पाववालीची मुलगी नदीत सापडली. एकोणीस वर्षांची, हसरी, जरा बडबडी. पाळक म्हणाले, पोरीनं जीव दिला. कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत तिला जागा मिळणार नाही, घंटा वाजणार नाही, प्रार्थना होणार नाही. दादानं पेटी केली. धाकटीनं अस्तर लावलं, उशी भरली. दादानं झाकणावर कुणाला न विचारता क्रूस बसवला आणि कुंपणाबाहेर, चार माणसांदेखत, स्वतःच प्रार्थना केली. तेवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. पण पुढच्या रविवारी पाळक त्याच विषयावर गायला लागले, तेव्हा दादा बाकावरून उठला.

"पाळक, थांबा जरा. त्या सकाळी ती पोरगी निळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन गेली होती. झगा शिवत होती स्वतःचा. एक बाही राहिली होती. जीव द्यायला निघालेलं माणूस बाहीसाठी दोरा नेत नाही. नदीच्या पायरीवरून पाय घसरला असेल तिचा."

पाळकांचा चेहरा लाल झाला. गाताना त्यांना कुणी अडवलं नव्हतं आजवर. "दोरा कुणी दिला तिला?" त्यांनी विचारलं. "कोण साक्ष देतं याची? तू होतास तिथं?"

 दादानं नाव घेतलं नाही. फक्त पाळकांच्या उजव्या खांद्यामागं बघितलं.

दोरा धाकटीनं दिला होता. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या हातानं. "परवा आणून देते रीळ," पोरगी म्हणाली होती, "आणि बाही फुग्याची करू की साधी, सांग ना." साधी कर, फुग्यानं खांदे रुंद दिसतात, असं धाकटीनं सांगितलं होतं. हे सगळं तिनंच दादाला सांगितलं होतं, रडत रडत, उशी भरताना.

तिनं तोंड उघडलं. उघडलं होतं, हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण पाळकांनी ओळ सोडली नव्हती, प्रश्न विचारला होता; आणि त्या जागी उभं राहून त्यांना उत्तर कसं द्यायचं हे तिच्या गळ्याला माहीत नव्हतं. आवाज निघाला नाही. दादा थोडा वेळ थांबला, मग त्यानं टोपी उचलली.

पाळकांनी शिस्त लावली. याच्याशी कुणी बोलू नये, याच्याबरोबर जेवू नये, याच्यासोबत गाऊ नये. मंडळीसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडानं "माझं चुकलं" म्हणेल त्या दिवशी याला परत प्रभुभोजनाला घेऊ. दादा ते म्हणणार नव्हता, आणि पाळक ते ऐकल्याशिवाय मागं हटणार नव्हते.

आणि धाकटीनं पाळलं. का पाळलं, हे वहिनीनं तिला एकदाच विचारलं, पहिल्या आठवड्यात, दारात उभं राहून, आणि धाकटीनं मान खाली घालून दार लोटून घेतलं. उत्तर होतं तिच्याकडं. तिचा नवरा अकरा दिवस मरत होता तेव्हा हेच पाळक अकराही दिवस आले होते. त्याला पुसून घ्यायचे, कूस बदलायचे, त्याच्या कानाशी बसून हलक्या आवाजात गायचे. शेवटचा श्वास त्यानं त्यांच्याच हातात सोडला. असा माणूस एका बाबतीत चुकतो म्हणून त्याला सोडायचं? बायबलाच्या जुन्या करारातला तो डोळे अधू झालेला, स्वतःच्या पोरांची पापं न आवरणारा म्हातारा याजकसुद्धा धड नव्हताच की. तरी देवानं हाक मारलेलं लेकरू त्याच्याच हाताखाली वाढलं, त्याच्याच आज्ञेत झोपलं आणि उठलं. असं ती स्वतःला सांगायची. हे सगळं खरंच होतं. मात्र त्याच्या तळाशी निळ्या दोऱ्याचं रीळ पडलेलं असायचं, आणि तिथवर ती हात घालत नसे.

मंडळीच्या पेट्या दुसऱ्या सुताराकडून यायला लागल्या. दादा दारं-खिडक्या करू लागला. धाकटीच्या उशांत कापूस आला.

पण पहिल्याच गुरुवारी तिनं ओळी घोटायला घेतल्या आणि भिंतीपलीकडून ठक, ठक-ठक. तिची सुई थांबली. ठेकाही थांबला, वाट बघत. तिनं पुन्हा सुरू केलं, त्यानंही केलं. यात बोलणं नव्हतं, जेवणं नव्हतं. गाणं म्हणावं तर गात ती एकटीच होती. हातोडी काही गात नाही. हे बरोबर की चूक ते तिनं पाळकांना कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची तिला भीती होती. सहा वर्षं, दर गुरुवारी, भावाबहिणीचं एवढंच चाललं. पडसं झालं तर तिचा आवाज सांगायचा. त्याचा पाय दुखत असला तर ठेक्यात तो थोडा रेलायचा. वहिनीशी भांडला असेल तर हातोडी जरा जोरात पडायची आणि धाकटी या बाजूला एकटीच हसायची.

मग तो गुरुवार आला. त्या आठवड्याच्या ओळी ताठ मानेच्या माणसावर होत्या. मोडेल पण वाकणार नाही अशा माणसाला प्रभू शेवटी कसा वाकवतो, अशा. पाळकांच्या मनात कोण होतं हे मंडळीत शेंबड्या पोरालाही कळलं असतं. धाकटीला त्या म्हणवेनात. तिनं भिंतीकडं पाठ केली आणि हळू आवाजात सुरुवात केली.

ठक. मग काहीच नाही. मग उशिरा, नको तिथं, ठक. पुन्हा दोन लागोपाठ, एकमेकांवर आपटलेले. मग एक नुसताच घसरला.

ती थांबली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच, वेडंवाकडं, तिच्या ओळीच्या पायात पाय घालणारं. दादा आणि बेताल? जन्मात नाही. हे मुद्दाम होतं. त्याला ओळी ऐकू गेल्या होत्या आणि तो चिडवत होता, तिला, पाळकांना, सगळ्यालाच.

"असं काय," धाकटी भिंतीला म्हणाली. सहा वर्षांत भिंतीशी बोललेला तो तिचा पहिला शब्द. शिवणाचं टेबल तिनं एकटीनं ओढत, फरशीवर चरे पाडत, पुढच्या खोलीत खिडकीशी नेलं. तिथून पलीकडं काही ऐकू जात नसे आणि पलीकडचं काही येत नसे.

बावीस दिवसांनी, भर दुपारी, दुकानाच्या दारात वहिनी उभी राहिली. उंबऱ्याबाहेर. शाल डोक्यावरून घट्ट ओढलेली.

"मी बोलायला आले नाही," ती म्हणाली. "तुम्हाला बंदी आहे ना. मी आपली रस्त्याशी बोलते, तू ऐकू नकोस. त्याला झटका आलाय. उजवी बाजू गेली. वाचा गेली."

धाकटीच्या हातातली कात्री टेबलावर पडली. "कधी?"

"बोललीस बघ. आता तुझ्या पाळकांना काय तोंड दाखवशील?"

"वहिनी, कधी?"

वहिनी रस्त्याकडं बघत राहिली. "सोमवारी. तू टेबल हलवलंस त्याच्या आधीच्या सोमवारी. तीन दिवस ओंडक्यासारखा पडून होता. गुरुवारी तुझा आवाज आला तसा धडपडायला लागला. मला वाटलं, आता खाली पडणार हा. मग कळलं काय हवंय ते. खाट ढकलत भिंतीला लावली. हातोडी डाव्या हातात दिली." ती थांबली. "डाव्या हातानं त्यानं कधी पाव तोडला नाही गं. दांडा धरवत नव्हता. तोल जात होता. तरी वाजवत होता. घामानं निथळत होता. आणि तू बंद केलंस."

धाकटी खाली बसली. स्टुलावर बसायचं होतं, ती फरशीवर बसली.

"पुढच्या गुरुवारी परत हातोडी मागितली. मला म्हणाला, हं, हं. तेवढंच येतं त्याला. दिली. संध्याकाळपर्यंत धरून बसला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. काल मी हातोडी लपवून ठेवली. म्हटलं, पुरे आता." वहिनीनं पहिल्यांदाच तिच्याकडं बघितलं. "डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. सांगायचं तेवढं सांगितलं. ऐकलंस की नाही ते तुझं तू बघ."

वहिनी गेली. दादाचं दार तिथून आठ पावलांवर होतं. धाकटी उठली, शाल घेतली, आणि आठ पावलं न जाता चढणीच्या रस्त्यानं पाळकांच्या घरी गेली. तीस वर्षांची सवय. पाय आपण होऊन वळले.

पाळक स्वयंपाकघरात टॉवेल पांघरून गरम पाण्याच्या पातेल्यात तोंड घालून बसले होते. 

"कोण?" टॉवेलखालून आवाज आला, घोगरा.

"मी. धाकटी."

"बस. गळा पार बसलाय. रविवारी ओळी तुलाच ओढायला लागणार असं दिसतंय."

तिनं सांगितलं. टॉवेल हलला नाही. वाफ मात्र कडेनं येत राहिली. मग पाळकांनी तोंड बाहेर काढलं. लाल, ओलं, चष्म्यावाचून म्हातारं दिसणारं तोंड.

"बोलता येत नाही म्हणालीस."

"नाही."

"एक शब्दसुद्धा?"

"हं म्हणतो, वहिनी म्हणते."

"मग कबुली कशी देणार तो?" हे त्यांनी कठोरपणे विचारलं नाही. ते खरोखरच अडकले होते, स्वतःच लावलेल्या कुलपाची किल्ली विहिरीत पडावी तसे.

"पाळक, मला जाऊ द्या त्याच्याकडं."

"मी मंडळीसमोर शब्द दिलाय. माझा एकट्याचा असता तर केव्हाच गिळला असता. आज तुझ्यासाठी मोडला, तर उद्या जो तो येईल." त्यांनी टॉवेलानं मान पुसली. बराच वेळ पुसत राहिले. "तुला वाटतं मला झोप लागते? त्या पोरीच्या बाबतीत... घाई झाली असेल माझ्याकडून."

"असेल?"

"झाली," पाळक पातेल्यातल्या पाण्याला म्हणाले. "पण आता काय सांगू तिच्या आईला? दर रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसते ती. तिनं गिळलंय ते सगळं. आता तिचं शांत झालेलं मन मी परत उसवू? चुकीचा असला तरी शब्द एकच असावा, धाकटी. नाहीतर मंडळी कशावर टेकणार?"

धाकटी टेबलाच्या कडेकडं बघत होती. त्या कडेवर पाळकांची बोटं ठेका धरत होती, नकळत, पक्का, एकही चूक नसलेला.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही अकरा दिवस सांभाळलंत," ती म्हणाली. "मरेपर्यंत विसरणार नाही. तुमच्याच तोंडून मी प्रभूला ओळखलं. तुम्ही म्हणालात भावाशी बोलू नकोस, मी बोलले नाही. हुकूम तुमचा होता पाळक, पण पाळला मी. तुमचा जाब तुम्ही द्याल. माझी सहा वर्षं मलाच विचारली जाणार आहेत."

"धाकटी, मी नको म्हणतोय."

"ऐकलं मी. तुमच्या आज्ञेबाहेर जातेय. मंडळीबाहेर नाही जात. रविवारी येईन माझ्या जागेवर. घालवायचं असेल तर तेव्हा घालवा."

 दारात तिनं नेहमीसारखं "येते" म्हटलं, आणि पाळकांनीही नेहमीसारखं "सावकाश जा" म्हटलं.

दादाची खाट अजून भिंतीलाच होती. दादा अर्धा झाला होता. उजवा गाल ओघळलेला, उजवा हात पांघरुणावर कुणीतरी विसरून गेल्यासारखा. धाकटीला बघून त्याचा डावा डोळा भरून आला. उजवा आधीपासूनच गळत होता.

तिला पाया पडून खूप काही बोलायचं होतं. रस्ताभर जुळवलं होतं. पण जवळ बसल्यावर तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "दादा, मला वाटलं तू चिडवतोयस."

"हं," दादा म्हणाला. मग त्याच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. हसला तो. शपथेवर हसला.

वहिनीनं कपाटामागून हातोडी काढून त्याच्या डाव्या हातात दिली. धाकटीनं गायला सुरुवात केली. ताठ मानेच्या माणसाचं नाही. आईनं शिकवलेलं, दोघांना पाठ असलेलं, प्रभूच्या अंगणात चिमणीलाही जागा असते असं काहीतरी साधं. ठक. खूप वेळानं ठक. मग एक घसरला. या वेळी ती थांबली नाही आणि पुढंही गेली नाही. जिथं ठोका पडेल तिथं तिनं सूर टेकवला. पडेपर्यंत श्वास धरून ठेवला. तीन मिनिटांचं गाणं अर्धा तास चाललं. आयुष्यभर ती दादाच्या ठेक्यावर चालली होती, आणि ठेका सांभाळणं म्हणजे काय हे तिला त्या दुपारी कळलं.

चार दिवस मिळाले. मधल्या रविवारी पाळकांचा गळा उघडलाच नाही, म्हणून मंडळीत गाणं झालं नाही. रोज ती सकाळी जायची, त्याला पुसून घ्यायची, कूस बदलायची, कानाशी बसून गायची. हे सगळं ती कुणाकडून शिकली होती हे तिला माहीत होतं, आणि ते आठवून तिला रडू यायचं. दुसऱ्या दिवशी तिनं दादाच्या डाव्या हातात हात घालून म्हटलं, "त्या रविवारी मी बोलायला हवं होतं." दादानं हातोडी सोडली आणि तिच्या मनगटावर बोटांनी एकदा, दोनदा ठोका दिला. झिलेची जागा दाखवायला तो लहानपणी द्यायचा, तसा. इथं तू, आता तू.

पाचव्या दिवशी सकाळी डावा हातही थांबला.

पेटी तयार होती. दादानं स्वतःच्या मापाची कधीच करून ठेवली होती, आणि वहिनीनं गेली सात वर्षं तिच्यात बटाटे साठवले होते. "त्याला म्हटलं होतं मी, घाई आहे का तुला," वहिनी बटाटे काढता काढता म्हणाली आणि एक बटाटा हातात धरून तशीच बसून राहिली. धाकटीनं अस्तर लावलं. उशीसाठी दुकानाचे कोपरे झाडले. त्या झाडाची सालपटं सात वर्षांनंतर कुठली राहायला. पण रंधा ठेवायच्या फळीमागं, कापडाच्या पिशवीत, ती होती. तोंड बांधलेली. ती पिशवी दादानं कुणाच्या हातांसाठी भरून ठेवली होती हे विचारायची गरज नव्हती.

कुंपणाबाहेर, पाववालीच्या मुलीच्या शेजारी खड्डा खणला. घंटा वाजली नाही. वहिनी, धाकटी, पाववाली, दादाची दोन जुनी गिऱ्हाइकं. मधेच धाकटीनं वर बघितलं तर कुंपणाच्या आत, थोरल्या झाडाखाली, पाळक उभे होते. अंगात उपासनेचा झगा नव्हता. त्यांचे ओठ हलत होते. शब्द इथवर येत नव्हते.

"बोलवायचं का त्यांना?" पाववालीनं हळूच विचारलं.

"फाटक उघडंच आहे," वहिनी म्हणाली.

माती लोटून होईपर्यंत ते तिथं उभे होते. आले नाहीत. गेलेही नाहीत.

"आता तरी जाऊ नकोस तिथं," परतताना वहिनी म्हणाली. "त्या माणसाच्या मागं उभी राहून परत गाणार तू?"

"तो गातो ते त्याचं नाहीये, वहिनी. ते प्रभूचं आहे. ते मी कसं सोडू?" थोडं चालल्यावर तिनं पुढं म्हटलं, "आणि माझी एक झील राहिलीय तिथं."

त्या बुधवारी ओळींचा कागद आला नाही. रविवारी धाकटी गेली, पाळकांच्या उजव्या खांद्यामागं उभी राहिली. पाळकांनी वळून बघितलं. घालवलं नाही. जागा होती तशी राहिली. पाववाली शेवटच्या बाकावर होती, मांडीवर पीठ लागलेले हात.

पाळकांनी गळा साफ केला आणि पहिली ओळ सोडली, हरवलेल्या मेंढराची. आवाज फाटला होता. तिनं शेवट झेलला, पण नेहमीसारखा लगेच नाही. तिच्या मनात डाव्या हाताचा ठेका होता. तिनं ठोका पडायची वाट बघितली. मंडळी चुळबुळली. पाळक थांबले, झील आल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नव्हतं. तिनं झील धरली, सावकाश, दोनदा घोळवली. आणि मंडळीच्या हवाली करायच्या जागी, त्याच सुरात, तिनं पाळकांच्या सहा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर गायलं. बोलायला तिला त्या जागेवर येतच नव्हतं.

"त्या सकाळी निळा दोरा, माझ्या हातानं मी दिला. एक बाही राहिली होती, साधी कर मी म्हणाले."

तिनं सूर टांगून ठेवला, पाळक ठेवायचे तसा.

पाळक वळले नाहीत. त्यांचा उजवा खांदा तिच्या डोळ्यांसमोर होता, तो जरा खाली आला. तोंड उघडलेलं असावं, कारण श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मंडळीत कुणी हललं नाही. ही झील धरायची कुणी, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मग शेवटच्या बाकावरून आवाज आला. पाववालीला गाता येत नसे. तीस वर्षांत मंडळीनं तिचा सूर ऐकला नव्हता. "निळा दोरा," ती म्हणाली. मग थांबली. खूप वेळानं, नको तिथं, घसरत, "एक बाही राहिली होती."

पाळक पायरीवर बसले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  त्या दिवशी ते काहीच बोलू शकले नाहीत.

धाकटी उभीच होती, पाववालीच्या पुढच्या शब्दाची वाट बघत, श्वास धरून. तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात कठड्यावर ठेका धरतोय. सहा वर्षांपूर्वी एवढ्याच दोन ओळी मागितल्या होत्या दादानं. एका श्वासाचं काम होतं. त्यानं टोपी उचलायच्या आधी आरामात झालं असतं.